डोक्यावर मेंदी, पंपात कपॅसिटर

शर्मिष्ठाबाईंच्या डोक्यावर मेंदी थापलेली, नळाला पाण्याचा थेंब नाही, आणि तासाभरात त्यांना वेंगुर्ल्याच्या कॉलेजात फिजिक्सची प्रॅक्टिकल परीक्षा घ्यायला पोचायचं होतं. असल्या अवतारात गेल्या असत्या तर पोरांनी वर्षभर नावं ठेवली असती. विहीर दारातच होती, पण पंप बसला तेव्हाच सासूबाईंनी रहाट काढून टाकला होता. आणि पंप फिरायचं सोडून नुसता घूंऽऽ करत बसला होता.

त्याला फिरायला जोर देणारा कपॅसिटर, वीज साठवणारा डबा, गेला होता. वीस मायक्रोफॅरडचा दुकानात नव्हता, म्हणून त्यांचे यजमान श्रीपादराव यांनी दहाचे दोन आणून बसवले होते, तरी पंपाचं घूंऽऽ चालूच होतं.

"जोडलात कसे?" बाईंनी न्हाणीघरातून विचारलं.

"एकामागे एक. टॉर्चीत सेल घालतत तसे. दोन दहा म्हणजे वीस."

"वीस खंयचे? पाच झाले ते. एकामागे एक जोडल्यार कमीच होतत. शेजारी शेजारी जोडूचे, मगे बेरीज होता. जल्मभर पोरांका ह्याच शिकवतंय, आणि माझ्याच घरात ह्यो उजेड."

"गो, पण माझा आयक..."

"काय आयकू? सेलाचा पुराण?"

बाईंचं डोकं भयंकर फिरलं. टॉवेल गुंडाळून, कपाळावरून हिरवे ओघळ वाहत असताना त्या तरातरा विहिरीवर गेल्या. नवऱ्याने पंप घुमतोय म्हणून घाबरून बटण बंद करायच्या आधीच तारा ओढून काढल्या होत्या. दोन्ही कपॅसिटर दगडावर पडले होते.

"अडाणी कारभार सगळो."

"शर्मिष्ठा, हात नको..."

"तुमी गप रवा."

त्यांनी एक कपॅसिटर खसकन उचलला. पुढच्या क्षणी त्या बादलीत बसलेल्या होत्या आणि कपॅसिटर माडाखाली जाऊन पडला होता.

श्रीपादरावांनी दुसऱ्याच्या दोन्ही टोकांवर स्क्रू ड्रायव्हर टेकवला. ठिणगी उडाली. मग त्यांनी माडाखालचा उचलून आणला, दोन्ही शेजारी शेजारी जोडले आणि बटण दाबलं. पंप सुरू झाला, टाकीत पाणी पडू लागलं.

"चार्ज रवता ह्या तुमका ठावक होता?" बाईंनी बादलीतूनच विचारलं.

"पयल्यांदा तारा ओढलंय तेवाच माका बसलो झटको."

"मगे सांगलात कित्याक नाय?"

"तू शिकवत होतंस मां."

बाईंनी बादलीतून उठायला हात पुढे केला.