हमरापूरच्या सोललेल्या बोटांचं रहस्य

"पनवेलपासून खांब गावापर्यंत माझ्या तोडीचं डोकं नाही," असं हैबतराव स्वतःबद्दल सांगतात. खांबच्या पुढं काय, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "पुढचं अजून तपासलेलं नाही." पेणला एसटी स्टँडसमोर त्यांची दारभर पाटी आहे, 'गुप्तहेर हैबतराव'. पाटी लावून गुप्त राहणारा हा एकमेव माणूस, आणि मी नाथा, त्याचा सहायक.

गणपती महिन्यावर आले असताना हमरापूरहून अनिता आली. ती मूर्तींची आखणी करते, म्हणजे देवाचे डोळे काढते. तिनं पदराखालचे हात बाहेर काढले. बोटांची सालं निघाली होती. ब्रश धरला की भेगांतून रक्त यायचं.

"काका, कारखान्याचे शेठ म्हणतात, आठवड्यात हात बरा नाय झाला तर दुसरा माणूस बसवतो. माझ्या बाबांची जागा हाय ती," ती रडवेली होऊन म्हणाली.

"विषप्रयोग!" हैबतराव खूश झाले. "मी या गुन्हेगाराच्या मागे हात धुऊन लागणार!"

"मी पण दिवसभर हातच धुते हाय. गुण नाय."

"तपासात मध्ये बोलायचं नाही."

पहिला संशय, कुणीतरी ब्रशला खाजकुयली लावली. खात्री करायला हैबतरावांनी ब्रश स्वतःच्या गालावर घासला. खाज आली नाही. गाल मात्र गुलाबी झाला आणि त्याला ते वेषांतर म्हणत फिरले. दुसरा संशय, शाडूत भेसळ. त्यांनी चिमूटभर चाखली आणि माती असल्याचं जाहीर केलं. हा निष्कर्ष बरोबर होता.

तिसरा संशय अनिताच्या नवऱ्यावर. हरेश रोह्याला केमिकल कंपनीत शिफ्टला जातो.

"कंपनी, केमिकल, नवरा! आणखी काय पाहिजे?"

"पुरावा," मी म्हणालो.

"तो शेवटी येतो."

दुसऱ्या दिवशी हरेश अनिताला घेऊन रोह्याच्या रेल्वेगाडीत बसला. आम्ही पाळतीवर. काळ्या चष्म्यामुळे हैबतराव चुकून बायकांच्या डब्यात चढले आणि कासू स्टेशनात उतरवले गेले. मी त्यांना आमच्या डब्यात ओढून घेतलं.

रोह्यात ती दोघं एका जिन्यानं वर गेली. हैबतरावांनी दार ढकललं आणि ओरडले, "हात वर!"

अनितानं घाबरून हात वर केले. समोर कातडीच्या डॉक्टरीणबाई होत्या. "बरं झालं," त्या म्हणाल्या, "असेच उजेडात धरा. हात कशानं धुता?"

"रंग काढायला रॉकेल. मग कपड्याचा साबण. प्रत्येक मूर्तीच्या आधी. देवाच्या डोळ्याला मळका हात कसा लावायचा? आणि यंदा मूर्ती दुप्पट हायत."

"कातडीवर तेलकट थर असतो. तो आतली ओल आत ठेवतो आणि बाहेरचं बाहेर. तुम्ही तोच खरवडून काढताय. रॉकेल बंद, हा साबण बंद. साधं पाणी. हात टिपायचे आणि ओलसर असतानाच व्हॅसलीन चोळायचं. रात्री सुती मोजे. भेगांना हे मलम."

"म्हणजे हात धुणंच! मी पहिल्याच दिवशी बोललो होतो," हैबतराव म्हणाले. हरेशनं रजा टाकली होती, ती बायकोला इथं आणायला. मला त्याच्याकडं बघवेना.

आठवडा भरला. भेगा मिटल्या होत्या, कातडी अजून कोवळी होती. कारखान्यात शेठ उभे, बाजूला दुसरा आखणीवाला ब्रश घेऊन तयार. अनिता मूर्तीसमोर बसली, पण हात काही पुढं जाईना.

"साबण नाय लावला," ती हळूच म्हणाली. "असाच हात देवाला लावू? बाबांनी कधी लावला नसता."

शेठनी दुसऱ्या माणसाकडं बघितलं. त्यानं ब्रश रंगात बुडवला.

हरेश तिच्याशेजारी उकिडवा बसला. "अगो, तू डोळे काढल्याबिगर त्याला तुझा हात दिसतोय कुठं?"

अनिता खुदकन हसली. त्याच हसण्यात तिनं ब्रश उचलला आणि एका दमात डावा डोळा काढला, मग उजवा. शेठनी पुढची मूर्ती तिच्यासमोर सरकवायला सांगितली.

हैबतराव मूर्तीसमोरून हळूच बाजूला झाले.

"नाथा, चल," ते कुजबुजले. "हा माझ्याकडंच बघतोय."