चपला काढून दरोडा

घर लुटताना चपला दाराबाहेर काढाव्यात, असं मानणारा जगातला एकमेव समुद्री चाचा सिंगापूरमधल्या आमच्या ब्लॉकमध्ये राहतो. नाना केळकर, वय बहात्तर. एका डोळ्यावर काळी पट्टी, कमरेला पुठ्ठ्याची तलवार आणि पायात नोव्हेना भागातल्या डॉक्टरांनी सांगितलेले गुडघेदुखीचे बूट.

चोआ चू कांगच्या या ब्लॉकमध्ये नाना गेली पंचवीस वर्षं डिसेंबरच्या सुट्टीत मुलांची चाच्यांची मिरवणूक काढतात. खालच्या व्हॉइड डेकवर, म्हणजे इमारतीखालच्या मोकळ्या जागेत जमायचं, मग मजल्यामजल्यावर दरोडा घालायचा. लूट म्हणजे चकली, केक, अननसाचे टार्ट, जे हाती लागेल ते. पहिल्या वर्षीचा एक शेंबडा चाचा आता रॅफल्स प्लेसच्या बँकेत मॅनेजर आहे आणि स्वतःच्या लेकीला घेऊन येतो.

"नाना, पायरेट्स शूज काढत नाहीत लाह!" गेल्या वर्षी माझा मुलगा आपल्या सिंगापुरी सुरात वैतागला.

"आपले काढतात! या घरच्या आजींनी आत्ताच फरशी पुसलीय. दरोडेखोर झालात म्हणून रीतभात सोडायची काय?"

कुणाला लुटायचं याची यादी नाना करणार आणि ती ग्रुपवर टाकायचं काम माझ्या गळ्यात. मी एकदा विचारलंच, "अहो नाना, घरं निवडता तरी कशी?"

"सोपं आहे गं. ज्या दाराची बेल वर्षभर वाजत नाही, तिथे हमखास दरोडा."

यंदा मार्चमध्ये नानांची बायको, आमच्या माई, गेल्या. मुलगा तिकडे कॅनडात. यंदा मिरवणूक कसली होतेय, असं आम्ही धरूनच चाललो होतो. पण नाना यादी घेऊन दारात हजर! शेवटचा नंबर मी दोनदा वाचला. तो त्यांच्याच घराचा होता.

"जमलं तर हं," नाना दुसरीकडेच बघत म्हणाले. "मुलं दमली तर राहू दे."

मुलं दमलीच. दोघांनी तर लिफ्टसमोर फतकल मारली. मी सरळ दटावलं, "उठा रे, एक घर राहिलंय!" नाना लगबगीने पुढे गेले आणि आत जाऊन त्यांनी दार लावून घेतलं. मुलांनी बेल दाबली. दार उघडलं, तर टेबलावर बारा बश्या मांडलेल्या आणि त्यांत बेसनाचे लाडू. स्वतः वळलेले, एकही धड गोल नाही. पोरांनी दोन मिनिटांत फडशा पाडला आणि निघायला उठली.

"बसा ना अजून थोडं," कप्तान म्हणाले. "लुटायचं बरंच राहिलंय."