झाकलेलं तसराळं

मुरोदिलनं सात नंबरचं कासव ओसरीवरच्या रिकाम्या तसराळ्यात ठेवलं, वर फडकं टाकलं आणि मोजपट्टी आणायला आत गेला. बाहेर येतो तर तसराळं गायब!

"ओयदिन मावशी, तसराळं कुठंय?"

"ते होय? सबोहतचं होतं, देऊन टाकलं," तंदूरमध्ये नान थापता थापता घरमालकीण म्हणाली. "सूनबाईनं भरून ठेवलेलं दिसलं. चांगलं जड होतं. अब्रू राहिली बाई!"

मुरोदिल मटकन खालीच बसला. या गावात शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत करत नाहीत, आणि देणाऱ्यासमोर फडकंही उचलत नाहीत. झाली का पंचाईत! संध्याकाळी त्याचं काम बघायला प्राध्यापक येणार. वाळवंटातली कासवं कुठं कुठं भटकतात, याचा तीन वर्षं अभ्यास चाललेला. पाठीवर ट्रान्समीटरची डबी चिकटवलेली कासवं दोनच. त्यातलं अकरा नंबर वसंतातच बेपत्ता. आता सातही गेलं तर अभ्यास संपला, मेंढ्या वळायला मोकळा!

अँटेना घेऊन तो सुसाट सुटला. सबोहत दारातच भेटली.

"ते होय? लग्नघरी दिलं की पाठवून. उघडून बघायला वेळ कुणाला? जर्दाळूच होते ना?"

"चार पाय होते, काकू!"

लग्नघरच्या अंगणात तीसेक झाकलेली भांडी ओळीनं मांडलेली. मुरोदिल अँटेना धरून एकेका पुलावापुढं वाकायला लागला.

"हा काय बघतोय रे?" एका म्हाताऱ्यानं विचारलं.

"मीठ बघत असेल," दुसरा म्हणाला. "हल्ली यंत्रानं कळतं."

यंत्र कोकललं ते स्वयंपाकघरापाशी. दारात नवरीची आजी, हमरोबीबी, कमरेवर हात ठेवून उभी.

"कासववाला तूच ना?"

"हो आजी. चुकून आलं, माफ करा..."

"माफी कसली? लग्नाच्या दिवशी एवढ्या आयुष्याचा जीव घरात आला, शकुनच की! धर तुझं तसराळं. रिकामं नाही हो देत मी."

तसराळं आता दुप्पट जड. रीत म्हणून त्यानं कोपऱ्यापर्यंत कसाबसा दम धरला, मग फडकं उचललं. आत दोन कासवं! दुसरं आजीच्या कांद्याच्या वाफ्यातलं. पाठीवर चिखलानं माखलेली, बंद पडलेली डबी. अकरा नंबर!

मुरोदिल रस्त्यातच नाचला. लोकांना वाटलं, नवरीकडचा असेल.

दिवस मावळायच्या आत सात नंबर आपल्या टेकाडावर पोचलं आणि अकरा नंबर मुक्कामाला आलेल्या प्राध्यापकांच्या मांडीवर.

सकाळी प्राध्यापकांनी दार उघडलं. पायरीवर एकोणीस झाकलेली भांडी, आणि प्रत्येकात खुडबुड. पाहुण्यांना कासवं आवडतात, हे गावभर झालं होतं.

"वा! वा!" प्राध्यापकांनी वही काढली.

ओयदिन मावशीनं ती हातातून काढून घेतली आणि पिठाची परात पुढं सरकवली.

"वही मागनं, साहेब. आधी एकोणीस भांडी भरायचीत. मळा!"