चप्पल काढणारा चोर

प्रतापरावांच्या कारखान्यात चोरी झाली आणि बंगळूरला गेलेल्या हर्षवर्धनचा, म्हणजे त्यांच्या मुलाचा, रोज फोन येऊ लागला.

कारखाना कसला, बोअरच्या पंपाचे सुटे भाग करणारी एक शेड. चोरांनी आतल्या तांब्यासाठी दोन मोटरी उचलल्या आणि लेथचं मशीन बंद पडलं. महिनाभर काम नाही म्हटल्यावर सिकंदराबादचं जुनं गिऱ्हाईक गेलं, पाठोपाठ कारागीरही दुसरीकडं लागले. हर्षवर्धननं कॅमेरा बसवून दिला आणि तिकडून मोबाइलवर राखण सुरू केली.

"पप्पा, कुलूप नीट लागलं नाही."

"हौ बाबा, लावतो."

"आणि डबा तसाच दिसतोय. जेवला नाहीत?"

बायको, कुसुमताई, वारल्यापासून नल्लकुंट्याच्या घरात हे कुणी विचारलं नव्हतं. प्रतापराव मुद्दाम डबा न उघडता कॅमेऱ्यासमोर बसू लागले. फोन हमखास यायचा.

मग नेमके चोर सापडले. दोन्ही मोटरी भंगारवाल्याकडं पडून होत्या, त्या परत आल्या. "चला, काळजी मिटली," हर्षवर्धन म्हणाला, आणि फोन थांबले. दहा दिवस झाले. प्रतापरावांनी कुलूप लोंबतं ठेवलं, कॅमेऱ्याकडं बघून खोकूनही पाहिलं. काही उपयोग नाही. त्यांना फार एकटं वाटायला लागलं.

शेवटी रविवारी भर दुपारी त्यांनी तोंडाला टॉवेल गुंडाळला, बंद शेडमध्ये शिरले, स्वतःचीच लहान मोटर पोत्यात घातली आणि कॅमेऱ्यासमोरून सावकाश दोनदा गेले. चोराला एवढी सवड नसते, हे त्यांना कोण सांगणार? बाहेर येऊन टेकले, तोच फोन वाजला.

"पप्पा, चोर आलाय."

"अरे देवा," प्रतापराव जमेल तेवढे घाबरले. "कसा आहे दिसायला?"

"तोंड बांधलंय. पण दाराशी चप्पल काढली त्यानं. लेथला हात लावून कपाळाला लावला, मगच मोटर उचलली."

प्रतापरावांनी आपल्या अनवाणी पायांकडं पाहिलं. मशीन म्हणजे लक्ष्मी. चाळीस वर्षं ते चप्पल घालून आत गेले नव्हते.

"पोलिसांना कळवतोस?" त्यांनी हळूच विचारलं.



"नको. त्याला म्हणावं, पोतं तिथंच ठेव, कंबर धरेल. मी शनिवारी येतो, दोघं मिळून आत ठेवू. आणि तो जेवलाय का, तेवढं विचारा."

"विचारलं," प्रतापराव म्हणाले. "नाही म्हणतो."