संत्र्याच्या पाण्यासाठी किमान पस्तीस टक्के

माणूस किती जगणार हे देवाच्या हाती असतं, असं पूर्वी म्हणत. आमच्या गावात (आर्णीपासून अकरा किलोमीटर, त्यातले चार रस्त्याचे) हा विषय पाणीवापर समितीकडे आहे. मी समितीचा सचिव. इतिवृत्त माझ्याच हातचं असल्यामुळे पुढचं सगळं खरं धरायला हरकत नाही.

गावातल्या उकंडा या शेतकऱ्याच्या लघवीतून रक्त जायला लागलं, तेव्हा गावानं त्याच्यावर अकरा महिने उपचार केले. निदान : उष्णता. औषध : धन्याचं पाणी आणि सब्जा. बिडी मात्र सोडू नये, एकदम सोडलेली बिडी बाधते (बिडी ओढणाऱ्या तिघांचं एकमत). शेवटी त्याची बायको तुळसाबाई गावाला न विचारता त्याला नागपूरला घेऊन गेली. तिथं मूत्राशय काढलं, पोटावर पिशवी लावली आणि काढलेल्या मांसाचा तुकडा काचेवर ठेवून तपासला.

डॉक्टरबाईंनी नीट समजावलं. कपाशीसारखी या कॅन्सरचीही वाणं असतात. उकंडाचं वाण नेहमीचं नव्हतं, जरा आडमुठं होतं. अशी काही वाणं ऑपरेशननंतरही लवकर उलटतात. पण सगळं वाणावर नसतं. मुळं किती खोल गेली, शेजारच्या लसिकागाठींपर्यंत पोचली का, हेही पाहावं लागतं. उकंडाची मुळं फार खोल नव्हती, गाठी साफ होत्या. "आकडा विचारू नका," बाई म्हणाल्या, "आकडा शंभर जणांचा असतो, तुमच्या एकट्याचा नसतो."

गावानं यातला 'वाण' हा एकच शब्द ऐकला. टपरीवाल्या विक्कीनं रिपोर्टावरचं नाव मोबाईलमध्ये घातलं. मोबाईलनं, कुठल्या मुलखातले आणि किती खोल मुळांचे ते न सांगता, उत्तर दिलं : पाच वर्षं जगणारे, चौतीस टक्के.

मग लोक भेटायला जाऊ लागले आणि चौतीस टक्क्यांना शोभेल इतक्या हळू आवाजात बोलू लागले. (साठच्या वर असता तर केळी नेली असती. चौतिसाला नुसती मान हलवतात.)

इथवर सगळं रीतसर होतं. पण उकंडानं अर्ज केला. दीड एकरात संत्र्याची दीडशे कलमं लावायची आहेत, तलावाचं पाणी मिळावं.

आता संत्र्याला पहिला बहार यायचा तो पाचव्या वर्षी. अध्यक्ष विठ्ठलराव हे निवृत्त मुख्याध्यापक. टक्के दिसले की त्यांचा हात आपोआप लाल पेनाकडे जातो. ठराव क्रमांक चार असा झाला : उत्तीर्ण होण्यास किमान पस्तीस टक्के आवश्यक असल्याने अर्जदार एका मार्काने अनुत्तीर्ण समजण्यात यावा, त्याने संत्र्याऐवजी मेथी लावावी (चाळीस दिवसांत निघते, अर्जदारास झेपेल).

समिती निर्दय नव्हती. खेळाचा एक ग्रेस मार्क देता येईल का, यावर पाऊण तास चर्चा झाली. उकंडा शाळेत असताना कबड्डीत तालुक्यापर्यंत गेलता. पण प्रमाणपत्र नव्हतं. ते विठ्ठलरावांच्याच शाळेनं द्यायचं राहिलं होतं. सबब, पुरावा नाही.

उकंडा शांतपणे म्हणाला, "गुरुजी, मी मरून राह्यलो का संत्रा लावून राह्यलो?"

"नियमाले मी काय करू, भाऊ?"

तेव्हा दारात उभी असलेली तुळसाबाई आत आली. "माह्या मानसाचे चौतीस झाले," ती म्हणाली. "तुमच्या सातही जनायचे किती हायेत?"

समितीनं एकमेकांकडे पाहिलं. कोणाचाच निकाल लागलेला नव्हता.

"ज्यानं पेपरच देला नाही, त्याले किती मार्क देत होते, गुरुजी?"

विठ्ठलराव प्रामाणिक माणूस. चाळीस वर्षांच्या सवयीनं त्यांच्या तोंडून निघून गेलं, "शून्य."

मी यादी केली. उकंडा चौतीस, बाकी सातही जण शून्य. उकंडा गावात पहिला आला. अडचण एवढीच होती की तलावाच्या तोंडाशी ज्यांच्या संत्र्याच्या बागा आहेत (त्यांचा निकाल मागायची आमच्यात पद्धत नाही), ते पाच जण याच यादीत होते. ठरावाप्रमाणे त्यांचं पाणी त्याच दिवशी बंद करावं लागलं असतं. ठराव क्रमांक पाच चार मिनिटांत झाला : ठराव क्रमांक चार रद्द, अर्जदारास पाणी मंजूर.

यंदा उकंडाच्या बागेला पहिला बहार आला. पोटावरची पिशवी सांभाळत तो खालच्या फांद्यांचे संत्रे तोडतो, वरच्या फांद्या तुळसाबाईच्या. सहा महिन्यांनी नागपूरला दाखवून येतो. डॉक्टरबाई अजून आकडा सांगत नाहीत. समितीच्या सातही घरी त्यानं डझन-डझन संत्रे पाठवले. दोन घरी ते सदस्याच्या फोटोपुढं ठेवावे लागले. त्यातलं एक घर विठ्ठलरावांचं. त्यांना आयुष्यात कधी पडसं झालं नव्हतं. माझा डझन मी खाल्ला, माझं शून्य अजून चालू आहे.

चौतीस म्हणजे फारच कमी हो, असं हे वाचताना तुमच्याही मनात आलं असेल. साहजिक आहे. यादीत खाली जागा होती म्हणून मी तुमचंही नाव लिहून घेतलं आहे. निकालाचा रकाना कोरा आहे, आणि कोऱ्या रकान्यात काय भरायचं ते गुरुजी सांगून गेलेत.

बाकी, यंदा तुमची मेथी कशी आहे?