गल्लीची साक्ष

तो मंगळवार होता की बुधवार, ही शंका अच्युत आजरेकरांना पुढे कायम राहिली. पण दिल्लीत दर बारा वर्षांनी प्रत्येक गल्लीची साक्ष होते आणि साक्षीत ज्याचं नाव येत नाही तो संध्याकाळी पाचनंतर गल्लीत उरत नाही, याबद्दल दुमत नव्हतं.

साक्ष गल्लीतल्या सर्वांत शिकलेल्या माणसाने द्यायची. आजरेकर इतिहासाचे निवृत्त प्राध्यापक, तेव्हा ते ओझं त्यांच्यावरच आलं. स्वतःच्या आठवणीवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता.

इस्त्रीवाला रामदुलार सकाळपासून त्यांच्या मागे होता. त्याची टपरी कुठल्याच नकाशावर नव्हती.

“मास्टरजी, बादशहांची नावं घेत बसाल आणि मी राहून जाईन.”

“विसरेन कसा? अंगातला सदरा तुझ्याच हातचा आहे.”

“गेल्या खेपेला कोण गेलं, सांगा बरं?”

“ते कोणाला आठवतंय?”

“तेच म्हणतोय मी!”

गल्लीच्या तोंडाशी टेबल मांडून कारकून भटनागर लिहीत होते. आजरेकरांनी बादशाही विहीर सांगितली, सत्तावन्नच्या बंडानंतर हवेलीची झालेली शाळा सांगितली, फाळणीत आलेले शिंपी नावानिशी सांगितले. पाचाला दहा कमी असताना त्यांच्या तोंडून ‘बहुधा’ निघालं.

भटनागरांनी पेन खाली ठेवलं. “साहेब, ‘बहुधा’ला रकाना नाही.”

शिंप्यांपुढे कोण? समोर रामदुलार हात जोडून उभा होता, पण त्याचं नाव काही केल्या ओठांवर येईना. घड्याळाचा काटा सरकला.

“रामदुलार!” ते ओरडलेच. “इस्त्रीवाला. नक्की!”

“लिहिलं. आता तुमचं घर?”

“माझ्या घराला कसला आलाय इतिहास? स्वतःबद्दल बोलणं बरं दिसत नाही. लिहा, साक्षीदार एक.”

पाच वाजले.

थोड्या वेळाने रामदुलार कपडे घेऊन वर आजरेकरांच्या घरी आला. पाया पडला, पैसे घेईना. गाठोड्यात चार सदरे होते आणि हिरव्या काठांची एक सुती साडी.

“ही कोणाची रे?”

“तुमच्याच कपड्यांत होती, मास्टरजी.”

“चुकून आली असेल.”

दोघेही बराच वेळ साडीकडे पाहत राहिले. मग रामदुलार ती परत घेऊन गेला.

साक्षीची नक्कल मिळावी म्हणून आजरेकरांनी अर्ज केला होता. ती नवव्या वर्षी मिळाली. ‘वगळलेले’ या रकान्यात एकच नोंद होती: कुमुद आजरेकर, वय एकसष्ट, साक्षीदाराची पत्नी.