डीजे भृंगा आणि ठकूमावशीची आरोळी

एका जंगलात, बाळांनो, दचकायची फार चांगली सोय होती.

वाघ निघाला की झाडावरचं वानर ओरडायचं, "खकर-खक!" ते ऐकून सांबर ओरडायचं, "पोंक!" मग मोर किंचाळायचा. मग सगळे पळायचे आणि वाघ उपाशी झोपायचा. ऐकून बरं वाटलं ना? मलाही वाटतं. पण गोष्ट अजून आहे.

त्या जंगलात भृंगराज नावाचा काळा पक्षी होता. शेपटीला दोन लांब तारा, तारांच्या टोकाला गोंडे. त्याला स्वतःचा असा आवाज नव्हता, पण बाकी सगळ्यांचे यायचे. तो लग्नांत वाजवायचा. कोकिळेची तान घ्यायची, मधेच तोडायची, तिच्याखाली बेडकांचा ठेका सरकवायचा, वर सुतारपक्ष्याची टकटक उलटीसुलटी पेरायची. वऱ्हाडी घाम फुटेपर्यंत नाचायचे. डीजे भृंगा, डीजे भृंगा!

पण भृंगाला महोत्सवात वाजवायचं होतं. महोत्सवाचा अध्यक्ष होता मोर.

"तुमचं हे कशात बसतं?" मोराने विचारलं. "शास्त्रीय, की लोकसंगीत?"

"सगळ्यात थोडं थोडं, साहेब."

"म्हणजे कशातच नाही. चला, पुढचा कोण?"

मग थंडी पडली आणि तळ्यावर परदेशी बदकं उतरली. त्यांनी भृंगाला ऐकलं आणि माना डोलावल्या. आता, बदकांच्या माना पोहतानाही डोलतातच. पण ते मोराला कोण सांगणार? तो धावतच आला. "भृंगासाहेब, मी तर पहिल्यापासून म्हणत होतो!"

भृंगा मोठा झाला. मोठं झालं की दर वेळी नवीन काहीतरी द्यावं लागतं. भृंगा विचार करकरून थकला. असा कुठला आवाज आहे, की जो ऐकला की सगळ्यांचे पाय एकदम उचलले जातात?

बरोबर. तोच.

त्याने "खकर-खक" घेतलं, तोडलं, त्यात "पोंक" खोवलं आणि मोराची किंकाळी लांबवून वर पसरली. पहिल्यांदा वाजवलं तेव्हा निम्मे पळाले. उरलेले लाजून उभे राहिले. पुढे पुढे पळणाऱ्यांना सगळे हसायला लागले. "गावंढळ कुठले! अरे, गाणं आहे ते!"

एके सकाळी ठकूमावशी आली. ठकूमावशी म्हणजे जांभळाच्या शेंड्यावरून पहारा देणारी वानरी.

"भृंगा, माझी आरोळी परत दे."

"अगं मावशी, दर कार्यक्रमात तुझं नाव घेतो ना मी! टाळ्या पडतात."

"टाळ्या घाल चुलीत, मेल्या! काल मी खरंच ओरडले. खाली ती चितळाची बिट्टी चरत होती, एवढंसं पाडस. पळायचं सोडून ठुमकायला लागली! वाघाचं पोट भरलेलं होतं म्हणून वाचली."

"म्हणजे गाणं लहान मुलांपर्यंत पोचलं!"

"भृंगा, माझ्याकडे दुसरी आरोळी नाही रे. आता मी ओरडू कशी?"

भृंगाने शेपटीच्या तारा सारख्या केल्या. "एवढा महोत्सव होऊ दे," तो म्हणाला. "मग काढून टाकतो. शप्पथ."

महोत्सव पाणवठ्यावर होता. ऊन कलल्यावर भृंगाने सुरुवात केली. बिट्टी पहिल्याच रांगेत होती. सगळे बेभान झाले आणि ठकूमावशीला गवतात पट्टे हलताना दिसले.

"खकर-खक!"

"मावशी, तालात घ्या की!" कोणीतरी ओरडलं.

"खकर-खक! अरे पळा!"

"त्या बाईंना खाली उतरवा," मोर म्हणाला. "ठेका बिघडवतायत."

तेवढ्यात पट्टे भृंगालाही दिसले. तो जीव तोडून ओरडला, वानराच्या आवाजात. गर्दी उसळली. तो सांबराच्या आवाजात ओरडला. गर्दीने शिट्ट्या मारल्या. शेवटी त्याला एकच गोष्ट सुचली. त्याने वाजवणंच थांबवलं.

पाणवठा चिडीचूप झाला.

"आता येणार!" सगळे कुजबुजले. पुढचे पाय वर, डोळे मिटलेले. "आता खरं येणार!"

आणि आला.

दुसऱ्या दिवशी जंगलभर एकच चर्चा. असा शेवट आजवर कोणी केला नव्हता म्हणे! ती शांतता, आणि मग ती डरकाळी! बिट्टीची आई सगळ्यांना विचारत फिरत होती, "माझी बिट्टी पाहिलीत का हो?"

"पहिल्या रांगेत होती," सगळे म्हणाले. "नशीबवान!"

भृंगा मोराकडे गेला. "मला ती आरोळी काढून टाकायची आहे, साहेब. मी मावशीला शब्द दिलाय."

"वेडे आहात का? पुढच्या वर्षीचे यजमान खुद्द वाघोबा आहेत. त्यांनी तीच मागितली आहे." मोराने त्याच्या खांद्यावर शाल घातली. शाल चांगली उबदार होती. भृंगाने ती नीट लपेटून घेतली आणि विचारलं, "किती वाजता सुरू करू?"

तात्पर्य: नाचताना मागे वळून पाहू नये. ताल चुकतो.